नाजूक हस्ताक्षरी फॉन्ट: निवडायचा कसा, वापरायचा कुठे आणि छपाईत टिकवायचा कसा

लग्नसराई सुरू झाली की सांगलीतल्या माझ्या दुकानात रोज कुणीतरी टेबलावर मोबाइल ठेवतं आणि म्हणतं, "दादा, अस्सं नाजूक अक्षर पायजे बघा, हातानं लिहिल्यागत." स्क्रीनवर बहुतेक वेळा इंग्रजी नावं असतात. केसासारख्या बारीक रेषा, पहिल्या अक्षराला मोठं वळण, शेवटच्या अक्षराला लांब शेपूट. तेच मराठीत हवं असतं. मराठीत ते होतं आणि सुंदर होतं. फक्त इंग्रजीचे आडाखे इथे चालत नाहीत आणि स्क्रीनवर जे दिसतं त्यातलं निम्मं कागदावर उतरत नाही. पत्रिका, लेबल, कवितेच्या पुस्तकाचं मुखपृष्ठ किंवा घरच्या बारशाचं आमंत्रण स्वतः करणाऱ्यांसाठी मी माझी कामाची पद्धत इथे पायरीपायरीने मांडतो आहे.

आधी हे वळण कुठून आलं ते पाहा

इंग्रजीतल्या नाजूक स्क्रिप्टचं मूळ टोकदार निबात आहे. निबावर दाब दिला की रेषा फाकते, दाब काढला की केसाएवढी होते. अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये या अक्षराचे कित्ते तांब्याच्या पत्र्यावर कोरून छापत, म्हणून त्या वळणाला कॉपरप्लेट नाव पडलं. आपल्याकडे अक्षर घडलं ते बोरूने. बोरूचं टोक तिरकं कापलेलं असतं. त्यामुळे रेषा जाड की बारीक हे हाताच्या दाबावर ठरत नाही, रेषा कोणत्या दिशेला जाते त्यावर ठरतं. देवनागरीचं सौंदर्य या दिशेच्या हिशेबात आहे.

तांबं मात्र आपल्याही वाट्याला आलं. मिरजेत १८०५ मध्ये, गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाने, तांब्याच्या पत्र्यांवर अक्षरं कोरून भगवद्गीता छापली गेली. तिथे सुटे खिळे, म्हणजे एकेका अक्षराचे ठसे, नव्हते, अख्खं पानच कोरलेलं होतं. हस्ताक्षराचं वळण छपाईत टिकवायची धडपड आपल्या कृष्णाकाठी दोनशे वर्षांपूर्वीच होऊन गेली आहे, हे मला फार मोलाचं वाटतं.

न थांबता पळणारं, लफ्फेदार असं आपलं खरं अक्षर म्हणजे मोडी. मोडीत आधी ओळभर रेघ ओढून घेत आणि मग अक्षरं तिच्याखाली लिहीत जात. बाळबोध, म्हणजे आपली नेहमीची देवनागरी, त्यामानाने ठेहरावाची. म्हणून देवनागरी फॉन्टला इंग्रजीसारखी शेपटं चिकटवली की ती उपरी दिसतात. देवनागरीत नाजूकपणा शोभतो तो वेलांटीच्या कमानीत, उकाराच्या वळणात आणि काना जिथे संपतो तिथल्या हलक्या झुकावात. फॉन्ट निवडताना माझी नजर आधी या तीन जागी जाते.

फॉन्ट गोळा करणे

मुक्त परवान्यात मिळणारे हस्ताक्षरी देवनागरी फॉन्ट फार नाहीत. कलम हा इंडियन टाइप फाउंड्रीचा फॉन्ट लाइट, रेग्युलर आणि बोल्ड अशा तीन जाड्यांत येतो. त्यातला लाइट रोजच्या पेनने लिहिल्यासारखा दिसतो, म्हणून एखादी चिठ्ठी, आभाराचं कार्ड, फोटोखालची ओळ अशा जागी छान बसतो. लग्नाच्या नावांसाठी मला तो जरा साधा वाटतो. टिल्लाना त्याच फाउंड्रीचा, अनौपचारिक हस्ताक्षराच्या वळणाचा. डेक्कोत एकच जाडी आहे आणि तो मोकळाढाकळा आहे. अमितामध्ये टाकाचा जाड-बारीकपणा आहे, तो नावांना शोभतो. बाकीचे बरेचसे विकत घ्यावे लागतात.

इथे परवान्याकडे नक्की बघा. हे चारही फॉन्ट एसआयएल ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत, त्यामुळे धंद्याच्या कामात वापरता येतात. पण फुकट उतरवून मिळणाऱ्या कित्येक फॉन्टांवर 'फक्त वैयक्तिक वापरासाठी' असं लिहिलेलं असतं. असा फॉन्ट स्वतःच्या घरच्या आमंत्रणाला चालेल, गिऱ्हाइकाच्या लेबलला नाही.

चाचणीची ओळ

ही पायरी मी कधीच गाळत नाही. फॉन्टच्या जाहिरातीत 'स्वागत' आणि 'प्रेम' असे सोपे शब्द असतात, तिथे सगळेच फॉन्ट देखणे दिसतात. मी माझी ओळ टाकतो:

॥ श्री ॥ शुभविवाह, चि. सौ. कां. नंदिनी, ऋषिकेश, माधुरी, ॲड., डॉ., समस्त वऱ्हाडी मंडळी, कऱ्हाड, ब्रह्मनाळ, कृष्णाकाठ, विठ्ठल, ज्ञानेश्वरी, सुख, १ ४ ५ ८ ९

प्रत्येक शब्दाला कारण आहे. 'शुभ' मधला भ बघा. भ आणि म यांच्यात फरक किती, तर भची गाठ आणि शिरोरेषेतली छोटी फट. नाजूक फॉन्टात ती गाठ बारीक झाली आणि शिरोरेषा सलग ओढली की 'शुभविवाह'चं 'शुमविवाह' होतं. तेच ध आणि घचं, म्हणून 'माधुरी' टाकायची. 'सुख' मधला ख सैल जुळलेला असेल तर तो 'सुरव' वाचला जातो. काही फॉन्टांत हस्ताक्षराचा भास व्हावा म्हणून शिरोरेषा पुरती काढून टाकलेली असते. तिथे या अक्षरांचा सगळा भार गाठींवर येतो, म्हणून असे फॉन्ट दुप्पट काळजीने तपासायचे.

'वऱ्हाडी' आणि 'कऱ्हाड' हे आपल्या कामातले सगळ्यात नेमके परीक्षक. यातला अर्धा र डोळ्याच्या पापणीसारखा वळलेला असतो. तो टंकताना खाली टिंब असलेला ऱ, मग हलन्त, मग ह असा क्रम लागतो. फॉन्टात ते रूपच नसेल तर रफार होऊन 'वर्हाडी' उमटतं किंवा पाय मोडलेला र तसाच दिसतो. लग्नाच्या पत्रिकेत वऱ्हाडच चुकीचं छापलं गेलं तर कसं चालेल? 'ॲड.' जुन्या फॉन्टांत बऱ्याचदा कोरा चौकोन होऊन येतो. 'ब्रह्मनाळ'मध्ये ह्म आणि ळ दोन्ही सापडतात.

शेवटी ल आणि श यांचं रूप तपासायचं. मराठीत पाकळीचा ल आणि देठाचा श चालतो, हिंदीत त्यांची रूपं वेगळी आहेत. राज्य शासनाच्या २००९ च्या शासननिर्णयातही मराठीसाठी आपलीच रूपं दिली आहेत. काही फॉन्टांत दोन्ही रूपं असतात, पण मजकुराची भाषा 'मराठी' निवडल्याशिवाय मराठी रूप वर येत नाही. इनडिझाइनमध्ये अक्षरांच्या पॅनेलमध्ये ही भाषा निवडता येते. निवडूनही रूप बदललं नाही तर फॉन्टात ते नाही असं धरायचं. 'शीतल' नावाच्या मुलीची पत्रिका असेल तर दोन्ही अक्षरं ठळक नावातच येणार, म्हणून हे आधी पाहिलेलं बरं.

शिरोरेषा मिलिमीटरमध्ये मोजा

नाजूक फॉन्ट कुठे मोडेल ते त्याची सगळ्यात बारीक रेषा ठरवते. ही रेषा बहुधा शिरोरेषा किंवा वेलांटीचं टोक असते. ती मोजायची युक्ती सोपी आहे. एक शब्द १०० पॉइंटला टाका, तो कर्व्ह करा, म्हणजे टंकलेल्या अक्षरांचे नुसते आकार करा, आणि झूम करून बारीक जागेची जाडी मोजा. समजा ती ०.७ मिलिमीटर भरली. मग ३६ पॉइंटला ती ०.२५ मिलिमीटर होईल आणि २४ पॉइंटला ०.१७. एकदा हा आकडा काढला की तो फॉन्ट कुठे आणि किती आकारात चालेल ते सांगता येतं.

माझे आडाखे असे आहेत. गुळगुळीत आर्ट पेपरवर एका रंगात ऑफसेट असेल तर ०.१ मिलिमीटरची रेषाही टिकते. स्क्रीन प्रिंटिंग किंवा सोनेरी फॉइल असेल तर ०.२५ च्या खाली जायचं नाही, खरबरीत हातकागदावर ०.३ धरायचं. गडद रंगातून पांढरी अक्षरं सोडायची असतील तर आकडा दुप्पट करायचा, कारण शाई पसरून चहूबाजूंनी पांढऱ्याला खाते. आणि बारीक अक्षर चार रंग मिसळून कधीच छापू नका. प्लेट जराशी सरकली की अक्षराला लाल-निळी किनार दिसते. एकच सरळ शाई घ्या.

रेषा थोडीच कमी पडत असेल तर फॉन्ट सोडायची गरज नाही. कर्व्ह केलेल्या अक्षराला त्याच रंगाची ०.०५ मिलिमीटरची आउटलाइन द्या. ती कडेच्या दोन्ही अंगांनी निम्मी निम्मी पडते, म्हणजे रेषा एकूण ०.०५ ने जाड होते. डोळ्याला फरक जाणवत नाही, पण छपाईत रेषा तुटत नाही. त्याहून जास्त आउटलाइन दिली तर ज्ञ, क्ष, ळ यांच्या आतल्या मोकळ्या जागा बुजायला लागतात. सॉफ्टवेअरमधलं 'बोल्ड'चं बटण मात्र अजिबात नको, त्याने सगळं वळण बिघडतं.

हे मी नुकसान सोसून शिकलो. सुरुवातीच्या वर्षांत नंदिनी नावाच्या मुलीची पत्रिका माझ्याकडे होती. मरून कागद, सोनेरी फॉइल, अतिशय देखणा बारीक फॉन्ट. स्क्रीनवर सगळं नीट होतं, प्रूफ, म्हणजे छपाईआधीची तपासणीची प्रत, लेझर प्रिंटरवर काढलं तेही नीट. पाचशे पत्रिका छापून आल्या, तर त्यातल्या जवळजवळ सगळ्यांवर 'नदिनी'. अनुस्वाराचं टिंब एवढं लहान होतं की फॉइलने ते धरलंच नाही. तिचे वडील काही बोलले नाहीत, हातातली पत्रिका नुसती बघत राहिले. मी माझ्या खर्चाने पुन्हा छापून दिल्या, पण त्या माणसाचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे. तेव्हापासून नाजूक फॉन्टमधला अनुस्वार मी हाताने मोठा करतो. टिंबाचा व्यास शिरोरेषेच्या जाडीच्या निदान अडीच पट असावा. चंद्रकोर आणि रफार यांनाही तेवढीच नजर द्यायची.

कुठे वापरायचं, कुठे नाही

मी नाजूक अक्षर वधूवरांच्या नावांना देतो, फार तर 'शुभविवाह'ला. तारीख, मुहूर्त, कार्यालयाचा पत्ता, फोन नंबर यांना कधीच नाही. पत्रिका वाचणारा माणूस कुठे असतो त्याचा विचार करा. तो एसटीच्या गर्दीत उभा असतो, नाहीतर रात्री ट्यूबखाली चष्मा शोधत असतो. नाव त्याला आधीच ठाऊक असतं, म्हणून ते वळणदार असलं तरी चालतं. '१२ वाजून ३५ मिनिटे' मात्र त्याला त्या कागदावरूनच कळणार असतं. बारीक फॉन्टात १ आणि ९ एकमेकांत मिसळतात, आणि चुकलेला मुहूर्त परत येत नाही.

लेबलचंही तेच. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, आता बचत गटाच्या बायकाही पुडीवर चांगलं डिझाइन मागतात. बेदाण्याच्या खोक्याला, हळदीच्या बरणीला नाव हस्ताक्षरी असलं की घरचं, हातचं वाटतं, तिथे हा फॉन्ट अगदी योग्य. पण वजन, किंमत, पॅकिंगची तारीख, परवाना क्रमांक हे सरळ उभ्या अक्षरात घ्या. आणि रंगाकडे लक्ष द्या: हळदीच्या पुडीवर पिवळं अक्षर पांढऱ्यावर घ्यायचा मोह होतो, बारीक रेषेत ते दिसतच नाही. पिवळ्यावर कुंकवाचा लाल घ्या. आपल्या जुन्या पत्रिकांचा रंग तोच होता आणि तो लांबूनही वाचता येतो.

बारसं, डोहाळजेवण, हळदीकुंकवाचं आमंत्रण, कवितासंग्रहाचं मुखपृष्ठ, प्रमाणपत्रावरचं नाव, साडीच्या दुकानाची पिशवी इथे बिनधास्त वापरा. रस्त्यावरचा फ्लेक्स, दवाखान्याची पाटी, शाळेची सूचना इथे नको.

मांडणी

देवनागरीत अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजीत मोकळीक दिली की भारदस्त दिसतं, आपल्याकडे शिरोरेषेचे तुकडे पडतात. शब्द छोटा वाटला तर आकार वाढवा. आडवा ताणूही नका, काना जाड होतो, शिरोरेषा तशीच राहते आणि तोल जातो. ओळींमधलं अंतर मात्र भरपूर ठेवा, कारण वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या यांना वळायला जागा लागते. ३६ पॉइंटच्या नावांना मी ५६ ते ६० पॉइंटचं अंतर देतो.

जोडीला दुसरा फॉन्ट शांत असावा. मुक्ता मला आवडतो. तो 'एक टाइप' या फाउंड्रीचा, सात जाड्यांचा फॉन्ट आहे आणि बारीक आकारातही स्वच्छ वाचता येतो. पत्रिकेला जुना छापील बाज हवा असेल तर टिरो देवनागरी मराठी घ्या. एका पत्रिकेत दोन हस्ताक्षरी फॉन्ट नकोत. इंग्रजी नावंही टाकायची असतील तर ग्रेट व्हाइब्ससारखा स्क्रिप्ट चालेल, पण सगळी मोठी अक्षरं करू नका. ती वळणं छोट्या अक्षरांशी जुळायला केलेली असतात, एकमेकांशी जुळत नाहीत.

मजकूर श्री-लिपीत, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मराठी टंकन सॉफ्टवेअरमध्ये, टंकलेला असेल आणि नवा फॉन्ट युनिकोडचा, म्हणजे आजच्या सगळीकडे चालणाऱ्या पद्धतीचा असेल तर तो आधी रूपांतरित करावा लागतो. त्यानंतर पहिल्यापासून पुन्हा वाचा. ऱ्ह, ऱ्य, ॲ आणि रफार हमखास तिथेच बिघडतात. जोडाक्षरं सुटी पडलेली दिसली तर फॉन्टला दोष देण्याआधी सॉफ्टवेअरची रचना तपासा. फोटोशॉपमध्ये आणि इनडिझाइनमध्ये 'वर्ल्ड-रेडी'चा पर्याय निवडावा लागतो. फार जुन्या पेजमेकरमध्ये युनिकोड चालतच नाही.

मनासारखा फॉन्ट मिळाला नाही तर हाताने लिहा

मला विचाराल तर दोन नावांसाठी हाच सगळ्यात चांगला मार्ग. गेल्या वर्षी एक मुलगी तिच्या आजीच्या हातची 'शुभविवाह' अक्षरं घेऊन आली. दुरेघी वहीच्या पानावर, निळ्या शाईत. आजीचा भ शाळेतल्या कित्त्यातला, गाठ टपोरी, वेलांटी शिरोरेषेवरून अलगद उठून पुन्हा अर्ध्यात थांबलेली. हात किंचित थरथरलेला होता, ती थरथर मी तशीच ठेवली. त्या पत्रिकेसारखी दुसरी पत्रिका कुणाकडेच नव्हती.

जाड गुळगुळीत कागदावर पेन्सिलीने शिरोरेषेची आणि पायाची अशा दोन हलक्या रेघा आखून घ्या. काळ्या शाईचा टोकदार ब्रश पेन घ्या. छापायचं असेल त्याच्या दीडपट मोठं लिहा, लहान केल्यावर बारीकसारीक डाग झाकले जातात. वीस वेळा लिहा. पहिली पाच-सात अक्षरं अवघडलेली येतात, मग हात सैल होतो. त्यातलं एक अख्खं नाव निवडा. एका ओळीतला 'श' आणि दुसऱ्या ओळीतला 'र' उचलून जोडू नका, लिहिण्याची लय तुटते. फार तर एखादी मात्रा बदला.

कागद ६०० डीपीआयला स्कॅन करा, काळा-पांढरा फरक वाढवा आणि इंकस्केप किंवा कोरलमध्ये ट्रेस करा, म्हणजे चित्राचं रेषांत रूपांतर करा. ट्रेस केल्यावर रेषेवर शेकडो नोड, म्हणजे वळण ठरवणारे बिंदू, येतात, त्यातले बहुतेक काढून टाका. लांब वेलांटीला चार-पाच पुरतात. नोड कमी झाले की वळण आपोआप गुळगुळीत होतं.

छपाईला देताना

फाइल कर्व्ह करून द्या, म्हणजे प्रेसच्या संगणकावर फॉन्ट नसला तरी अक्षर बदलणार नाही. कर्व्ह केल्यावर प्रत्येक नाव वेल्ड करा, म्हणजे त्यातले सगळे आकार जोडून एक करा. हस्ताक्षरी फॉन्टात अक्षरं एकमेकांवर चढलेली असतात. वेल्ड न करता विनाइल कापायला किंवा लेझरला दिलं तर मशीन प्रत्येक सांध्यावरून फिरतं आणि शिरोरेषेचे तुकडे हातात येतात. वेल्डच्या आधीची टंकलेली फाइल वेगळी जपून ठेवा, नाव बदललं तर तीच लागते.

प्रूफ खऱ्या आकारात, शक्य तर खऱ्या कागदावर काढा. मी ते घरातल्या सगळ्यात वडील माणसाकडे पाठवतो आणि मोठ्याने वाचायला सांगतो. ते जिथे अडखळतात तिथे अक्षर बदलतो.

व्हॉट्सॲपवर पाठवायची पत्रिका वेगळी करा. छापील फाइलचा फोटो करून पाठवला की ॲप तो दाबून लहान करतं आणि सगळ्यात आधी शिरोरेषा जाते. १०८० बाय १९२० पिक्सेलचं उभं पान घ्या, नावं पानाच्या तीन चतुर्थांश रुंदीला भिडतील एवढी मोठी करा, फॉन्ट एक जाडी वरचा घ्या आणि चित्र डॉक्युमेंट म्हणून पाठवा.

फॉइलचं काम असेल तर ब्लॉक, म्हणजे अक्षरं कोरलेला धातूचा ठसा, तयार झाल्यावर, छपाई सुरू होण्याआधी एकदा प्रेसमध्ये जा. ब्लॉकवर अक्षरं उलटी असतात, त्यामुळे वाचत बसू नका. भिंग घ्या आणि प्रूफ शेजारी ठेवून टिंबं मोजा. सौ. कां. चं एक, नंदिनीचं एक, मंडळीचं एक. प्रूफवर जेवढी आहेत तेवढी ब्लॉकवर भरली की छपाईला हो म्हणा.